वाचनाचा कंटाळा असलेल्या माणसाकडून उन्हाळ्यासाठी पुस्तकं (आणि अजून हवीयेत)

पान_सतरा:
नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे रोमात आहे (म्हणजे काही न लिहिता नुसते धागे बघत), हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आधीच कबूल करतो, मी वाचणारा माणूस नाही. आयडी उगाच नाही घेतला. आयुष्यात जी जी पुस्तकं हातात घेतली त्यातली निम्मी तरी सतराव्या-अठराव्या पानावर पालथी पडलीत. वाढदिवसाला लोक पुस्तक देतात आणि पुढच्या भेटीत "वाचलंस का रे?" विचारतात, मी म्हणतो "सुरू आहे". एक तर अकरा वर्षं सुरू आहे.

गेल्या उन्हाळ्यात ताईचा मुलगा महिनाभर माझ्याकडे राहायला होता. वय १२, आणि वाचनाच्या बाबतीत थेट मामावर गेलेला. ताईने जाताना फर्मान काढलं की रोज वीस मिनिटं पुस्तक वाचायचंच. पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात पुस्तक दिलं आणि स्वतः फोन घेऊन आडवा झालो. तो म्हणाला, "मामा, तू पण." झालं. मग करार ठरला, वीस मिनिटांचा अलार्म लावायचा, दोघांनी आपापलं पुस्तक धरायचं, आणि जो आधी घड्याळाकडे बघेल त्याने त्या रात्रीची भांडी घासायची. पहिले चार दिवस मीच घासली.

पण महिन्याभरात माझी चार पुस्तकं झाली हो! पूर्ण, शेवटच्या पानापर्यंत. तीच सुचवतो, माझ्यासारख्यांसाठी.

सुरुवात त्याच्यातलंच उचलून, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचला, लाज वाटत नाही. पोरगं कुठेतरी नाक खुपसतं, अडकतं, ट्टॉक करतं आणि सुटतं, मधे कोणी निसर्गवर्णन करत थांबत नाही. मग 'एका कोळियाने', हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याचं पुलंनी केलेलं मराठी. ८४ दिवस मासा मिळालेला नाही आणि पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा परत होडी काढतो, एवढंच आहे, पण मी घड्याळाकडे बघायचं विसरलो. तिसरं अगाथा ख्रिस्तीचं 'अँड देन देअर वेअर नन', बेटावर दहा माणसं आणि एकेक कमी होतंय, इथे तर अलार्म वाजल्यावर भाच्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि गुपचूप बंद केला. चौथं माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. त्याच्याबद्दल मला नीट सांगता येणार नाही. संपल्यावर थोडा वेळ कोणाशी बोललो नाही.

आता पोरगं पुढच्या आठवड्यात परत येतंय आणि फोनवर विचारतं, "मामा, यावर्षी काय?" माझ्याकडची शिदोरी संपली. तर सुचवा. दोनशे पानांच्या आत असावं आणि "पहिली शंभर पानं रेट, मग मजा येते" असं सांगावं लागणारं नसावं. मला दिवसाला शंभर मिनिटं सुद्धा रेटायला जमत नाही.

उगाच:
युद्ध आणि शांती.

पान_सतरा:
@उगाच, दोनशे पानं म्हटलं होतं हो.

उगाच:
दोनशेच आहेत. सहा वेळा.

चष्मेवाली:
काय गोड धागा आहे! भांड्यांचा करार फारच आवडला, घरी लागू करण्यात येईल.

माझ्याकडून चिं. वि. जोशींचे चिमणराव. गोष्टी सुट्या सुट्या आहेत त्यामुळे कुठूनही उघडा, कुठेही मिटा. गुंड्याभाऊ आला की मुलं हसणारच. आणि शेरलॉक होम्स! होम्सच्या कादंबऱ्या चारच, लघुकथा मात्र ५६ आहेत, म्हणजे तुमची सुट्टी संपेल पण कथा नाही संपणार. 'स्पेकल्ड बँड'पासून सुरू करा, फक्त रात्री नको, खोलीत झरोका असेल तर अजिबातच नको.

रिकामटेकडा:
ते बनगरवाडीबद्दल "सांगता येणार नाही" म्हणालात ना, तेच खरं परीक्षण. मी पण तसाच. तो मास्तर पहाटेचा एकटाच चालत निघालेला असतो आणि आपण त्याच्या मागून, एवढीच सुरुवात. मग वाडीत शाळा आहे पण मुलं नाहीत, लोकांना शाळेचं कौतुक नाही. १९५५ चं पुस्तक आहे आणि आजही एक शब्द अडत नाही. (बोलीतले थोडे अडतात, पण ते पुढेमागे कळतात.)

समिधा_काकू:
मला हे थोडं खटकलं म्हणून लिहिते, राग मानू नये. वाचन म्हणजे काय औषधाचा डोस आहे का, वीस मिनिटं घ्या आणि वर भांड्यांची शिक्षा? पातळ, सोपं, पटकन संपणारं, हेच निकष लावत बसलो तर पोरांना कधी खोल पाण्यात जाताच येणार नाही. आमच्या वेळी हाताला लागेल ते वाचायचो, कळो न कळो. सतराव्या पानावर पुस्तक मिटवायचं आणि वर त्याचा आयडी करून मिरवायचं याचं मला तरी कौतुक वाटत नाही.

धूमकेतू:
आल्या. जागा धरून बसतो.

पान_सतरा:
काकू, राग कसला. मिरवत नाहीये, खरं सांगतोय. खोल पाण्याचं म्हणाल तर मला अजून काठावर उभं राहायलाच भीती वाटते, त्यात मागून ढकललं की माणूस पुन्हा तळ्याकडे फिरकत नाही. माझं शाळेत तेच झालं. सुट्टीत एक जाड कादंबरी वाचून तिचा सारांश लिहायला दिला होता, मी मागचं कव्हर वाचून लिहिला आणि सगळ्या वर्गासमोर पकडला गेलो. त्यानंतर पुस्तक म्हटलं की मला आधी तो वर्ग दिसतो.

चष्मेवाली:
बाप रे. हे वाचून वाईट वाटलं.

जुनी_वही:
मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते, आता निवृत्त, म्हणून जरा लांबड लावते.

परत आलेल्या पुस्तकात लोक काय काय विसरतात! बसचं तिकीट, केसांची पिन, गोळ्यांचं रिकामं पाकीट, एकदा तर कोणाची तरी गुणपत्रिका. ती वस्तू कुठल्या पानावर अडकलीय ते बघायची मला सवयच लागली होती. पंधरा ते पंचवीस पानं, बहुतेक वेळा तिथेच. आणि वस्तू नसली तरी कळायचं, पुस्तक मिटून पानांची बाहेरची कड बघायची. हात लागून लागून पहिली पंचवीस-तीस पानं काळपट झालेली आणि पुढे सगळी पांढरी शुभ्र. अशी पुस्तकं कपाटं भरून होती, आणि त्यातली बरीचशी अशी की ज्यांची नावं आपण मोठ्या आदराने घेतो. तेव्हा पान_सतरा, तुम्ही एकटे नाही, फक्त तुम्ही बोललात.

आमच्या विषयातले मोठे माणूस म्हणजे एस. आर. रंगनाथन, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आणि चौथा लोक विसरतात, वाचकाचा वेळ वाचवा! वाचक अडला तर दोष वाचकाचा, असं पाचातला एकही नियम म्हणत नाही हो समिधाताई.

मी एक कप्पा केला होता दाराजवळ, नुसती बारीक पुस्तकं. नाव बीव काही दिलं नव्हतं, नाव दिलं की लोकांना लाज वाटते. तो कप्पा आठवड्यातून दोनदा भरावा लागायचा.

रिकामटेकडा:
या प्रतिसादासाठी वेगळा धागा काढा प्लीज. ती काळपट कड माझ्या घरातल्या पुस्तकांची आत्ता जाऊन बघून आलो. न बघितलेलंच बरं होतं.

दोन_शून्य:
जुनी_वही +१११

अजून एक भर. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा पन्नास पानांचा नियम प्रसिद्ध आहे. पन्नास पानं द्या, नाही जमलं तर सोडा. आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करायचं, जे उरेल तेवढीच पानं द्यायची. माझे वडील ८३ आहेत, त्यांना हे सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे १७ पानं. बरोबर आहे, तेवढ्यात कळतं."

धूमकेतू:
म्हणजे धागाकर्ते ८३ वर्षांचे आहेत. गणिताने सिद्ध झालं. =))

पान_सतरा:
=)) =)) आयडीला शास्त्रीय आधार मिळाला. दोन_शून्य, वडिलांना नमस्कार सांगा.

झोपाळू_कासव:
मी ऐकतो. गाडी चालवताना, कपडे वाळत घालताना. गेल्या वर्षात नऊ पुस्तकं झाली कानाने. हे चालतं का इथे?

समिधा_काकू:
ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे.

झोपाळू_कासव:
काकू, मग आजीने रात्री सांगितलेल्या गोष्टी पण साहित्य नव्हे का? बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं, त्या गात होत्या, सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने ते उतरवून घेतलं, म्हणून १९५२ साली पुस्तक आलं, त्याही आधी बहिणाबाई गेल्या होत्या. म्हणजे आपण ज्याला पुस्तक म्हणतो ते आधी कोणीतरी ऐकलेलंच होतं की.

समिधा_काकू:
हा मुद्दा मान्य. पण कपडे वाळत घालताना ऐकलेलं किती डोक्यात राहतं ते सांगा.

झोपाळू_कासव:
एक उशीची खोळ तीन दिवस उलटी वाळत होती, एवढं डोक्यात होतं.

ओळ_सरकते:
मी सहसा लिहीत नाही, पण विषय माझा आहे.

मला डिस्लेक्सिया आहे, कळलं वयाच्या सव्विसाव्या वर्षी. तोपर्यंत सगळ्यांच्या मते मी आळशी. ओळ संपली की पुढची ओळ सापडायची नाही, तीच ओळ परत वाचायचे किंवा मधली गाळून खाली जायचे, मग अर्थ लागायचा नाही, मग परत वर. एक पान म्हणजे घाम. लोकांना वाटतं अक्षरं उलटी दिसतात, माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं, शब्द फोडून वाचायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात ओळ निसटायची. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, एवढं एक वाक्य मला कोणी दहाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

मी काय करते ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर बघा. पोस्टकार्डाएवढा जाड काळा कागद घ्यायचा, मधे एक ओळ दिसेल एवढी लांबट खाच कापायची. तो पानावर ठेवून खाली सरकवत जायचं. बाकीचं पान झाकलेलं राहतं त्यामुळे पानाची भीती वाटत नाही, समोर एकच ओळ. वाचनयंत्रावर अक्षर मोठं करते आणि दोन ओळींतलं अंतर वाढवते. आणि झोपाळू_कासव यांना सांगायचंय की मी कानाने ऐकत डोळ्याने तेच पुस्तक बघते, दोन्ही एकदम. त्याने मला पहिल्यांदा जाड पुस्तक संपवता आलं.

पुस्तक सुचवायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. दोनशेच्या आत बसत नाही, पण पहिलाच भाग घ्या, तो १९३४ ला वेगळाच आला होता. ह्या बाई लग्नानंतर अक्षरं शिकल्या. म्हणून असेल, पण वाक्यं अशी येतात की समोर बसून कोणी बोलतंय, कुठेही शब्दाला शब्द जड होत नाही. नवऱ्याचे विक्षिप्तपणे तर असे सांगितलेत की हसू येतं आणि त्यांची दया पण येते.

जुनी_वही:
ओळ_सरकते, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. खाचेचा कागद मी पण करून ठेवला असता कपाटाजवळ, हे तेव्हा सुचलं नाही याची आता रुखरुख लागली.

पान_सतरा:
@ओळ_सरकते, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. भाचा बोट ठेवून वाचतो आणि मधेच म्हणतो "मामा, मी हे वाचलं होतं का?" मला वाटायचं टंगळमंगळ. तो आला की तो कागद करून बघतो.

ओळ_सरकते:
बोट ठेवून वाचणारी पुष्कळ मुलं असतात, लगेच काही निष्कर्ष काढू नका. पण रागावू नका त्याच्यावर, एवढंच. वारंवार दिसलं तर त्याच्या आईला सांगा, तपासून घेता येतं, त्यात भीतीचं काही नाही.

बारक्या:
ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा! ज्यूल व्हर्न, १८७३. रोज वीस मिनिटांसाठी बनलेलं पुस्तक, कारण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काहीतरी चुकतं, गाडी नाहीतर बोट नाहीतर माणूस. व्हर्नची मराठी भाषांतरं भा. रा. भागवतांनीच केलीत बरीचशी, म्हणजे फास्टर फेणेवाल्यांना घरच्यासारखं. आणि शेवट तर असला भारी आहे, फॉगला वाटतं आपण हरलो पण खरं म्हणजे तो पूर्वेकडे जात असतो त्यामुळे [मजकूर संपादित]

धूमकेतू:
अरे ए!!!

चष्मेवाली:
दीडशे वर्षांच्या पुस्तकाचा शेवट फोडला म्हणून भांडायचं की नाही यावर माझं आणि नवऱ्याचं आत्ता भांडण झालं.

बारक्या:
सॉरी सॉरी. संपादकांचे आभार. पण भूगोलाच्या तासाला हेच तर शिकवतात.

वाऱ्यावरची_वरात_नव्हे:
'पाडस' कोणीच कसं नाही म्हटलं? राम पटवर्धनांचा अनुवाद. ज्योडी आणि हरणाचं पिल्लू. मूळ 'द यर्लिंग' १९३८ चं, पुलित्झर मिळालेलं. १२ वर्षाच्या मुलासाठी याहून चांगलं पुस्तक नाही.

रिकामटेकडा:
१२ वर्षाच्या मुलाला रडवायचंय का?

वाऱ्यावरची_वरात_नव्हे:
हो.

समिधा_काकू:
पहिल्यांदाच इथे कोणाशी शंभर टक्के सहमत आहे. सुट्टीत एकदा तरी उशीत तोंड खुपसून रडावं. शिवाय ते जाड आहे!

पान_सतरा:
काकूंनी 'जाड' शब्दापुढे उद्गारचिन्ह दिलंय, मला ते दिसतंय.

उगाच:
आता जरा सिरियसली. मी युद्ध आणि शांती थट्टेने म्हटलं होतं, पण जाड पुस्तकांची बाजू घ्यायचीय मला. ही पुस्तकं एका बैठकीत कोणी वाचावी म्हणून लिहिलेलीच नव्हती. टॉलस्टॉयचे सुरुवातीचे भाग १८६५ पासून मासिकात येत होते. डिकन्सचं 'पिकविक' १८३६ पासून महिन्याच्या हप्त्यांत. लोक महिनाभर पुढच्या हप्त्याची वाट बघत. आपण काय करतो, सगळे हप्ते एकत्र बांधलेली वीट छातीवर ठेवतो आणि दम लागला की स्वतःला नावं ठेवतो.

युद्ध आणि शांतीची प्रकरणं ३६१ आहेत. बरीचशी चार-पाच पानांची. रोज एक वाचलं तर वर्ष होतं, चार दिवस आजारपणाला शिल्लक. मी ते असंच केलं, दोन वर्षांपूर्वी, दात घासायच्या आधी एक प्रकरण. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून कव्हरच्या आत पेन्सिलने कोण कोणाचा कोण ते लिहून ठेवलं होतं, जूनपर्यंत तिथे जागा उरली नाही. तेव्हा पान_सतरा, तुमचा वीस मिनिटांचा अलार्म आहे ना, तो बारीक पुस्तकांसाठी वापरताय, पण तो खरं म्हणजे जाड पुस्तकांसाठीच आहे.

समिधा_काकू:
उगाच, तुम्ही आयडी बदला आता.

धूमकेतू:
समिधा काकू आणि उगाच एका बाजूला. हा धागा इतिहासात जाणार.

दोन_शून्य:
जाता जाता, दानिएल पेन्नाक नावाचे फ्रेंच लेखक, शिक्षक होते, त्यांनी १९९२ च्या एका पुस्तकात वाचकाचे दहा हक्क दिलेत. पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. मोठ्याने वाचण्याचा पण आहे. पान_सतरा, तुम्ही पहिले तीन आधीच बजावून बसलात.

बारक्या:
पानं गाळण्याचा हक्क मला कायदेशीर आहे हे आज कळलं. मी कादंबरीतली पत्रं आणि कविता कायम गाळतो.

चष्मेवाली:
बारक्या तू शेवट सांगतोस आणि मधलं गाळतोस, तू वाचतोस काय नक्की?

पान_सतरा:
मंडळी, बारा दिवसांनी येतोय. पाहुणा आलाय.

धागा त्याला फोनवर दाखवला, त्याने सगळे प्रतिसाद वाचले, म्हणजे पुस्तकाआधी तुम्हालाच वाचलं. बारक्यांचा संपादित मजकूर काय होता ते शोधायचंय म्हणून पहिलं पुस्तक त्याने व्हर्न निवडलं! म्हणजे शेवट फोडल्याचा फायदाच झाला. खाचेचा कागद मी केला, पहिला तिरका कापला गेला, दुसरा त्याने स्वतः जुन्या फाईलच्या पुठ्ठ्याचा केला. पहिल्या दिवशी अकरा पानं, एकदाही "मी हे वाचलं होतं का" नाही. गेल्या वर्षी वीस मिनिटांत चार-पाच व्हायची. ताईशी बोललोय, शाळा सुरू झाली की तपासून घेणार आहे ती. ओळ_सरकते, तुम्हाला काय म्हणू कळत नाही. तो विचारत होता "त्या ताई कोण आहेत?", मी म्हटलं माहीत नाही.

मी स्मृतिचित्रे घेतलंय. पान ४० वर आहे. कागद मी पण वापरतोय, तो पहिला, तिरका कापलेला. भांडी अजून मीच घासतोय, कारण लक्ष्मीबाई मधेच असं काही बोलतात की मी हसून वर बघतो, आणि समोर घड्याळ आहे.

ओळ_सरकते:
घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लावा हो. आणि त्याला माझा नमस्कार सांगा, पुठ्ठा कागदापेक्षा चांगला, मी पण बदलते आता.

जुनी_वही:
पुस्तक संपलं की पानांची कड बघायला सांगा त्याला.

निवांत_७७:
धागा पूर्ण वाचला नाही, पण कोणी युद्ध आणि शांती सुचवलंय का?

धूमकेतू:
सतराव्या प्रतिसादावर थांबलात ना?